दुखणे उलटले म्हणजे

मृगाच्या किंवा आर्द्राच्या पावसावर पेरणी साधावी, आठवडाभरात तासे दिसू लागावीत, आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडे राहून सगळी उगवण करपून जावी, हा अनुभव मराठवाड्यातील शेतकऱ्यास नवा नाही. वैजापूर-गंगापूरच्या हलक्या रानात तर तो दर दोन-चार वर्षांनी येतोच. अशा वेळी कोणीही जाणता शेतकरी जमीन निकामी झाली असे म्हणत नाही. बियाणे गेले, खत गेले, मजुरी गेली हे खरे. परंतु नांगरट गेलेली नाही, पाळ्या गेलेल्या नाहीत, मशागत जागेवर आहे, हे तो ओळखतो आणि दुबार पेरणीच्या उद्योगास लागतो. हे तारतम्य आपण शेतीत दाखवितो. परंतु घरातील माणसाच्या मनाचे दुखणे बरे होता होता उलटले, तर मात्र आपण ते पार विसरतो. "इतके दिवस गोळ्या घेतल्या, दवाखान्याच्या खेपा केल्या, आणि पुन्हा पहिलेच पाढे" असे म्हणून घरचे हात टेकतात, रोगी स्वतःस नालायक ठरवितो, आणि औषध कोनाड्यात पडते. आमचे स्पष्ट मत असे आहे की, पहिल्या दुखण्यापेक्षा हे उलटलेले दुखणे हाताळण्यातच आपली समजूत अधिक तोकडी पडते, आणि त्यापायी वाचविता येण्यासारखी माणसे आपण गमावतो.

या विकारास हल्ली नैराश्य असे नाव आहे. जुनी माणसे "मन उडाले", "जीव कशात लागत नाही", "आतून विझला" असे म्हणत. ते वर्णन चुकीचे नव्हते. साधे दुःख आणि हा विकार यांतील भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. पीक गेल्याचे दुःख सर्वांस होते. पण चार माणसांत बसले, नातवंड मांडीवर आले, की ते घटकाभर तरी हलके होते. नैराश्याच्या विकारात दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ, मन उदास राहते किंवा कशातही गोडी वाटत नाही; झोप मोडते, भूक जाते, अंगात त्राण उरत नाही, आपण घरावर ओझे झालो असे वाटू लागते, आणि पुष्कळांस मरणाचे विचार येतात. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत असे आढळले की, प्रौढांपैकी दर वीसांत एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार होतो. आणि ज्यांस तो झालेला असतो त्यांपैकी शेकडा ८५ लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. म्हणजे शंभर उंबऱ्यांच्या गावात हे दुखणे अनेक घरी आहे, फक्त त्याचे नाव कोणी घेत नाही.

आपल्या भागापुरते बोलावयाचे, तर छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत २०२२ साली १,०२३ व २०२३ साली १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. या प्रत्येकास नैराश्याचा विकार होता असे आम्ही म्हणत नाही. किंबहुना येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो आदराने ऐकण्याजोगा आहे. शेतकऱ्यास कर्जाने गांजले, बाजारभावाने गांजले, पावसाने गांजले; मग त्यास रोगी ठरवून सरकारची व बाजाराची सुटका का करावी? कर्ज फेडण्याची गोळी कोणत्या दवाखान्यात मिळते?

यास आमचे उत्तर असे. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून एखादा गडी अंधारात पाणी द्यावयास गेला आणि त्यास साप चावला, तर त्या अपघाताचे मूळ रात्रीच्या विजेत आहे हे खरेच. दिवसा वीज मिळावी म्हणून भांडावेच लागेल. परंतु ते भांडण मिटेपर्यंत कोणी विषावरील लस टोचण्याचे थांबवीत नाही. नैराश्याचेही असेच आहे. भावाची, पाण्याची व पतपुरवठ्याची मागणी तसूभरही मागे घेऊ नये. पण त्या संकटातून उपजलेले दुखणे हे आता स्वतंत्र दुखणे झाले आहे, आणि त्यावर उपचार आहे. शिवाय रोग्याचे कर्ज तेवढेच राहिले तरी ते निस्तरण्याची त्याची शक्ती रोगाने हरण केलेली असते. पंचनाम्याच्या दिवशी तो शेतावर जात नाही, बँकेत पुनर्गठनाचा अर्ज देत नाही, आलेली नोटीस फोडून वाचीत नाही. मन ताळ्यावर आले म्हणजे कर्ज फिटत नाही. परंतु कर्जाशी दोन हात करणारा माणूस घरात परत येतो, आणि हे थोडे नव्हे.

आता दुखणे उलटण्याच्या मुख्य विषयाकडे वळू. नैराश्यातून बरे होणे हे सरळ चढणीचे काम नाही, ही गोष्ट रोग्यास व त्याच्या घरच्यांस पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे. फ्लुओक्सेटीन, एस्सिटालोप्राम यांसारख्या औषधांचा गुण दिसू लागावयास दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण येण्यास त्याहून अधिक. आणि बरे वाटू लागल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवावी लागतात. या काळात आठ दिवस चांगले आणि दोन दिवस वाईट असे चालावयाचेच. पहिल्या आजारातून पूर्ण बरे झालेल्यांपैकीही सुमारे निम्म्यांस पुढे केव्हा तरी तो पुन्हा गाठतो, आणि जितक्या वेळा तो आला असेल तितका पुन्हा येण्याचा संभव वाढतो. हे ऐकून भिऊ नये. दमा, संधिवात, मधुमेह यांचे दुखणेही मागेपुढे होते. साखर वाढली म्हणून मधुमेह्यास कोणी नालायक म्हणत नाही.

उलटण्याचे तीन प्रकार वेगळे ओळखावेत, कारण तिन्हींवरील उपाय वेगळे आहेत. पहिला प्रकार, बरे होण्याच्या वाटेवरील ठेच. भावकीतील बोलाचाली, जनावर दगावणे, बाजारात माल कवडीमोल जाणे अशा निमित्ताने चार-सहा दिवस मन पुन्हा खाली जाते आणि मग आपोआप सावरते. ही पावसातील उघडीप होय. पीक सुकलेले दिसते, पण मुळे जिवंत असतात. येथे औषध व दिनक्रम न सोडणे एवढेच करावयाचे असते. दुसरा प्रकार, औषध अर्ध्यावर सोडल्यामुळे किंवा ते पुरेसे नसल्यामुळे तेच दुखणे पुन्हा उसळणे. दोन आठवडे लोटले तरी मन वर येत नसेल तर हा प्रकार समजावा आणि डॉक्टरांस भेटावे. मात्रा वाढवावी लागेल किंवा औषध बदलावे लागेल. तिसरा प्रकार, वर्ष-दोन वर्षे पूर्ण निरोगी गेल्यानंतर नव्याने आलेला झटका. यास नवे दुखणे मानून प्रारंभापासून उपचार करावा. मात्र यावेळी रोग्याच्या पदरी एक जमेची बाजू असते, ती म्हणजे कशाने गुण आला हे आधीचे ज्ञान. ठेच लागली असता दुखणे समूळ उलटले असे समजून घाबरणे, किंवा दुखणे खरोखर उलटले असता ती नुसती ठेच समजून महिनोन्महिने दडपणे, या दोन्ही चुकांपायी रोग्याचे हाल होतात.

उलटण्याची कारणे शोधू गेल्यास ती शेतकऱ्याच्या वर्षक्रमातच सापडतात. सर्वांत मोठे कारण औषध मध्येच थांबविणे हे होय. पेरणीची घाई आली, तालुक्यास जाण्यास दिवस मोडतो, गोळ्या संपल्या, आणि "आता बरेच आहे की" म्हणून राहून गेले. किंवा शेजाऱ्याने सांगितले की डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते. येथे घोटाळा आहे तो दूर करू. काही झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या डॉक्टर थोडेच दिवस देतात. नैराश्यावरील गोळ्या या निराळ्या जातीच्या असून त्यांचे व्यसन लागत नाही. मात्र त्या एकाएकी सोडल्यास चक्कर, बेचैनी, झोपमोड असा त्रास होतो, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावयाच्या असतात. दुसरे कारण जागरण. रात्रीच्या पाळीची वीज, राखणदारी, लग्नसराई यांत सलग पाच-सात रात्री झोप मोडली की बरे होत आलेले मन घसरते. बरे होत असलेल्या माणसाची रात्रीची पाळी घरातील दुसऱ्याने किंवा सावडीच्या गड्याने उचलावी. ही दया नव्हे, पथ्य आहे. तिसरे कारण दारू. ती घटकाभर हलके वाटविते आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाहून खाली नेऊन सोडते. औषधाचाही गुण मारते. चौथे कारण म्हणजे तारखा. मार्चअखेरची बँकेची वसुली, मृगाच्या आधीची पैशाची निकड, दिवाळीचा सण, घरातील कोणाच्या मृत्यूची तिथी. हे दिवस दरवर्षी ठरलेले असतात; म्हणून त्यांची तयारी आधी करता येते.

तयारी कशी करावी, याचा नमुना आपल्या शेतीशास्त्रातच आहे. पाऊस लांबला किंवा मध्येच खंड पडला तर काय करावे याचे आपत्कालीन पीक नियोजन परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आधीच तयार करून ठेवते. जुलैचा पहिला पंधरवडा उलटला तर मूग-उडदाचा नाद सोडावा, बाजरी, तूर, सूर्यफूल यांकडे वळावे, असे निर्णय त्यात अगोदर लिहिलेले असतात. कारण ऐन संकटात डोके शांत राहत नाही हे शास्त्रज्ञ जाणतात. तद्वत नैराश्यातून बरे होत असलेल्या माणसाने, मन ठीक असतानाच, घरच्यांबरोबर बसून एक कागद लिहून ठेवावा. त्यात चार गोष्टी असाव्यात. एक, माझे दुखणे उलटू लागले म्हणजे प्रथम काय दिसते. कोणाची पहाटे तीनला झोप उडते, कोणी फोन उचलीत नाही, कोणी आंघोळ टाळतो, कोणी पारावर येण्याचे सोडतो, कोणाची चिडचिड वाढते. प्रत्येकाचे चिन्ह निराळे असते आणि बहुधा ते रोग्याच्या आधी घरधनिणीस दिसते. दोन, ते दिसल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावयाचे: कोणास सांगावयाचे, कोणते काम चालू ठेवावयाचे, कोणते दुसऱ्याकडे द्यावयाचे. तीन, दोन आठवड्यांत फरक न पडल्यास कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी, कोणाबरोबर जावयाचे. चार, या काळात काय करावयाचे नाही: जमीन विकावयाची नाही, सौदापावती करावयाची नाही, नवे कर्ज काढावयाचे नाही, सोयरीक मोडावयाची नाही. मन खाली असता माणसास सर्व वाटा बंद दिसतात. त्या दिवसांत केलेला सौदा पुढे वर्षानुवर्षे भोवतो.

चालू ठेवावयाच्या कामासंबंधी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण येथे रोग्याची समजूत उलटी असते. त्यास वाटते, आधी मनास उभारी यावी, मग काम करीन. अनुभव असा की लहानसे काम आधी केले तर उभारी मागून येते. आपल्या शेजारच्या गोव्यात या तत्त्वाची पद्धतशीर परीक्षा झालेली आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांस, डॉक्टर नसलेल्या परंतु शिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. त्यांत मुख्य भर रोजची लहान, गोडी वाटणारी व उपयोगी कामे ठरवून ती पार पाडण्यावर होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तीन महिन्यांनी या गटातील शेकडा ६४ जणांचा विकार ओसरला. केवळ नेहमीची व्यवस्था मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ३९ होते. वर्षभरानंतरही फायदा टिकून राहिल्याचे दिसले. तेव्हा दुखणे उलटल्याच्या दिवशी दहा एकरांचा विचार न करता गोठ्यातील एका गाईस वैरण टाकणे, विहिरीपर्यंत चालून येणे, एका मित्राशी दहा मिनिटे बोलणे एवढेच नेमून घ्यावे आणि झाले की वहीत खूण करावी. कालच्याहून आज कमी झाले तरी चालेल. परंतु शून्य होऊ देऊ नये.

याच्या उलट चूक घरचे करतात. माणूस जरा हिंडूफिरू लागला की सगळा कारभार एकदम त्याच्या डोक्यावर देतात. पैठण-जालना भागातील मोसंबीच्या बागाइतदारांस येथे उपदेशाची गरज नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांनी टँकरच्या पाण्याने झाडे जगविली, त्यांस ठाऊक आहे की जगलेले झाड म्हणजे बहार पेलणारे झाड नव्हे. आधी वाळलेली सल काढावयाची, नवी पालवी येऊ द्यावयाची, अन्नपाणी सांभाळावयाचे. आणि त्याच हंगामी फळांचा भार घ्यावयाचा नाही, नाही तर झाडच बसते. दुखण्यातून उठलेल्या माणसाचेही पहिले वर्ष असेच जपावे. त्यास रिकामे बसवू नये, आणि त्याच्याकडून भरघोस बहारही मागू नये.

घरच्यांच्या बोलण्याविषयी दोन शब्द. "आम्ही नाही का सोसले", "मन खंबीर कर", "पुन्हा सुरू झाले का तुझे" ही वाक्ये चांगल्या हेतूने उच्चारली तरी रोग्याच्या कानी ती आरोप म्हणूनच पडतात. त्यापेक्षा "चार दिवस तुझी झोप मोडलेली दिसते, गोळ्या आहेत ना? उद्या मी बरोबर येतो" हे साधे बोलणे बरे. मरणाचे विचार येतात काय, असे सरळ विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने उलट त्याचे ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी आले तर त्यास एकटे न ठेवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

येथवर आम्ही "शेतकरी" असे पुल्लिंगी लिहीत आलो. परंतु हा विकार स्त्रियांस पुरुषांहून अधिक प्रमाणात होतो, हे विसरून चालणार नाही. निंदणी, खुरपणी, वेचणी, गोठा व चूल सांभाळणारी बाई सातबारावर नाव नसल्यामुळे शेतकऱ्यांच्या मोजणीत येत नाही, आणि तिचे दुखणे "अंगदुखी" व "अशक्तपणा" या नावाखाली झाकले जाते. तिचे दुखणे उलटले तर "माहेरी पाठवा" एवढाच उपचार होतो. पती रोगी असता त्याची राखण करता करता तिचेच मन खचते, याकडेही लक्ष असावे. सांभाळणाऱ्यासही विसावा हवा.

आता एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. पिकावरील विषारी औषधे राहत्या घरात ठेवू नयेत. मरणाची ऊर्मी ही पुष्कळ वेळा काही घटकांची असते. त्या घटका साधनावाचून टळल्या तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुढे जगतात. श्रीलंकेत अति विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर, १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे शेकडा ७० ने घटले. आणि शेतीचे उत्पन्न त्यामुळे बुडाले नाही. ज्या घरात नैराश्याचा रोगी आहे, तेथे औषधाचे डबे शेतावरील कुलूपबंद पेटीत, किल्ली दुसऱ्याकडे, अथवा थेट दुकानातून फवारणीपुरतेच आणणे, हा नियम बिनअपवाद पाळावा. दुखणे बरे झाल्यावरही तो मोडू नये, कारण ते उलटते हेच तर आपण पाहत आहोत.

सरकारी सोयी किती आहेत? जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्यास त्यांतील एकही आले नाही, ही आपली रास्त तक्रार आहे. तथापि नैराश्याच्या बहुसंख्य रोग्यांस मनोरुग्णालयाची गरजच नसते. छत्रपती संभाजीनगरात १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे घाटीच्या, रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०१५ पासून मराठवाडा व विदर्भातील आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढण्यात आला, ज्यात आशा सेविकांनी घरोघर प्रश्न विचारून खचलेल्या शेतकऱ्यांस उपचाराकडे आणावे अशी योजना आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतून बोलता येते. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा हा गुन्हेगार नसून तीव्र ताणाखाली असलेला माणूस आहे असे गृहीत धरले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये.

परंतु सोय असणे आणि माणूस तेथे पोहोचणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर सरकार एकटे भरून काढू शकत नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत विश्राम नावाचा जो उपक्रम झाला, त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. गावातीलच कार्यकर्त्यांनी बैठकी घेतल्या, घरी जाऊन धीर दिला, गरज तेथे डॉक्टरांकडे नेले. त्यामुळे नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात २००६ पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी शिकवून तयार केलेल्या आजीबाई दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून लोकांची दुःखे ऐकतात व त्यांच्या अडचणींतून वाट काढण्यास मदत करतात. त्याचाही गुण परीक्षेअंती सिद्ध झालेला आहे. आपल्याकडे बाक नसेल, पण प्रत्येक गावी पार आहे आणि शहाणी म्हातारी माणसेही आहेत.

म्हणून आपल्या संघापुढे आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गावशाखेने एक पुरुष व एक स्त्री अशा दोन सभासदांस आरोग्य खात्याकडून या विषयाचे प्राथमिक शिक्षण देववावे. जे रोगी औषध घेत आहेत त्यांच्या संमतीने, आणि नाव गुप्त राखून, पेरणीच्या व काढणीच्या दिवसांत त्यांच्या गोळ्या आणून देण्याची व तालुक्यास नेण्याची जबाबदारी शाखेने पाळीपाळीने उचलावी. कारण उलटण्याचा धोका नेमका तेव्हाच अधिक असतो. रात्रीच्या पाळीचे पाणी त्यांच्या शेतास दुसऱ्याने द्यावे. कीटकनाशकांसाठी गावाबाहेर सामाईक कुलूपबंद कोठी बांधावी. आणि दुखणे उलटलेल्या सभासदास पतपेढीच्या किंवा संघाच्या कामातून गुपचूप वगळण्याची जी रीत आहे ती बंद करावी. त्याची जागा राखून ठेवावी आणि ती राखली आहे हे त्यास सांगावे.

या सर्वांस खर्च किती? शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर, ती नियमांत बसली तर, कुटुंबास एक लाख रुपये देण्याचे शासनाने २००६ साली ठरविले. ती मदत त्या विधवेस मिळालीच पाहिजे. परंतु त्या रकमेच्या लहानशा भागात एका जिवंत माणसाच्या वर्षभराच्या गोळ्या, दवाखान्याच्या खेपा व एक लोखंडी पेटी एवढे सगळे भागते, हा हिशेब मांडून पाहावा. मेल्यावरची पात्रता ठरविण्यास समिती बसते. दुखणे उलटलेल्या जिवंत माणसाकडे पाहण्यास शेजाऱ्यावाचून कोणी नसते.

२०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने आपल्या विभागातील पुष्कळ जमिनी खरडून नेल्या. त्या वर्षी ज्यांची मने खचली त्यांपैकी काही सावरले असतील, काही सावरता सावरता पुन्हा घसरले असतील. त्यांस आमचे सांगणे एवढेच की, घसरणे हे अपयश नव्हे आणि पहिल्या वेळचे श्रमही वाया गेलेले नाहीत. गोळ्या पुन्हा सुरू करा, घरच्यांस आजच सांगा, आणि जमेल तेवढे एक काम हाती घ्या. आणि शेजाऱ्यांस आमची विनंती अशी की, जो सभासद गेले पंधरा दिवस पारावर दिसला नाही, त्याच्या घरी उद्या सकाळी चहास जावे.